खोडावरचा आकडा

सोललेल्या झाडावर बाबा पांढऱ्या रंगानं आकडा टाकायचे:
त्या सालाचा शेवटचा अंक.
मग नऊ वर्षं कुऱ्हाड लावायची नाही.
बुचाच्या सालीला घाई केली
की हातात नुसता भुगा येतो.

जूनमध्ये शिडी सटकली.
एव्होराच्या इस्पितळात त्यांच्या कवटीचा एक तुकडा
काढून ठेवलाय कुठल्याशा थंड कपाटात,
नाव-तारखेची चिठ्ठी लावून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सूज उतरू दे.
किती दिवस, ते कोणी सांगत नाही.

आई रोज बसनं येते. पिशवीत अंजिरं,
जी त्यांना द्यायची नाहीत; नर्सा खातात.
अमादेऊकाका खिडकीशी उभा राहून
पार्किंगच्या नाण्यांवरून कुरकुरतो.
शिडी त्यानं धरली होती.
त्याला कोणी काही विचारत नाही.

मी पायांना तेल लावते.
टाचांच्या भेगांत अजून रानातली लाल माती आहे.
ती मी धूत नाही.

ऑक्टोबरात डोळे उघडले. शब्दही आले,
पण भलत्याच दारानं:
चमच्याला कुऱ्हाड, पाण्याला मंगळवार.
काल आईकडे खूप वेळ बघत राहिले.
आईचं नाव देओलिंदा.
ओठ जुळवून जुळवून हाक मारली: "मिमोझा!"

मिमोझा आमचं खेचर.
मरून अकरा वर्षं झाली.

काकानं तोंड फिरवलं.
आईनं पिशवी खाली ठेवली,
खुर्ची पुढं ओढली
आणि ओ दिली.