केसभर लोखंड

शेपटीच्या गिअरबॉक्सचा पिवळा दिवा लागला
म्हणून ते आमच्या शाळेच्या मैदानावरच मुक्कामी राहिलं.
साहेब भाषण आटोपून गाडीनं गेले.
मागं उरला चुन्याचा एच, टँकरनं शिंपडलेली ओल,
दोन होमगार्ड,
आणि चार लांब पाती,
ओल्या धुण्यानं वाकलेल्या दोरीसारखी.

रात्री नागपूरहून नंदेश्वर मिस्त्री आला,
मोटारसायकलवर, पाठीला अवजारांची पेटी.
बॅटरी धरायला हात न हलणारं माणूस पाहिजे, म्हणाला.
गावानं माझं नाव सांगितलं.
मी पंपाच्या मोटारी भरते,
हात हलला की तारेचा फेरा चुकतो.

"हे शेपटीवरचं कायले लागते?" मी विचारलं.
"तुम्हीच सांगा न ताई."
मग मला ती पाच हॉर्सपॉवरची मोटार आठवली,
बोल्ट न कसता टेबलावर चालू केलेली:
शाफ्ट एकीकडे फिरला, मोटार दुसरीकडे उसळली,
तेव्हापासून अंगठ्याचं नख आडवंच वाढतं.
"बस, हेच. आता हवेत बोल्ट कशात कसणार?
म्हणून हा लहान पंखा. आडवं ढकलत राहतो.
लोक वर पाहतात, याच्याकडं कोणी पाहत नाही."

मग त्यानं मला वर चढवलं.
मधल्या खांबाला दोन तबकड्या, एकीवर एक,
मध्ये बेअरिंग.
खालची फिरत नाही, नुसती कलते.
वरची फिरते, आणि तिचं कलणं ऐकते,
मग बारीक दांड्यांनी एकेका पात्याला सांगते:
इथं आलास की कोन वाढव,
तिथं गेलास की सोड.
आणि पायलटनं डाव्या हातचा दांडा उचलला
की सगळी पाती एकदम वळतात, हवा खाली रेटतात.
"वर जाणं म्हणजे काय," तो म्हणाला,
"कोणाले तरी खाली ढकलत राहणं."
होमगार्ड खोकला.
"हवेले म्हणतो मी. हवेले."

पुढं धावणाऱ्या पात्याला वारा जास्त मिळतो,
मागं येणाऱ्याला कमी.
जास्तवालं उचललं जातं, कमीवालं उतरतं,
म्हणून मुळाशी ही सैल बिजागरी.
ताठ बसवलं असतं तर केव्हाच कलंडलं असतं.

"अन् इंजिन बंद पडलं तर?"
तो काही बोलला नाही.
कुंपणापाशी महारुख आहे, त्याखालून
एक वाळकं, पातळ, पिळलेलं बी उचलून आणलं
आणि बॅटरीच्या उजेडात हात उंच करून सोडलं.
गरगर, गरगर.
खाली यायला केवढा वेळ लावला त्यानं!
"याले कुठं इंजिन आहे?
पडते म्हणून फिरते, फिरते म्हणून हळू पडते.
फक्त पायलटनं दांडा वेळेवर खाली टाकला पाहिजे.
एक-दीड सेकंद. त्याच्यापुढं मग मीही नाही, बीही नाही."

बिघाड निघाला तो एवढासा:
तेलातल्या चुंबकाच्या टोकाला
केसभर लोखंडाचा गुंता.
त्यानं तो कागदावर पुसला, तेल बदललं,
अर्धा तास जमिनीवरच चालवून पाहिलं.
दिवा लागला नाही.

पायलट चौथीच्या वर्गात बाकं जोडून झोपला होता.
साडेपाचलाच निघायचं म्हणाला,
दुपारी छेचाळीस डिग्रीत हवा विरते,
पात्याला धरायला काही उरत नाही.

पाती फिरायला लागली तशी हळूहळू सरळ झाली.
कोणी उचलली नव्हती.
मग ते कमरेएवढं वर येऊन थरथरत थांबलं,
आपणच दाबलेल्या हवेच्या गादीवर,
नाक जरा खाली घातलं,
आणि पऱ्हाट्यांच्या ढिगावरून गेलं.
चुन्याचा एच माझ्या केसांत, दातांत.

नंदेश्वर चहा न घेता निघाला.
त्याचा कागद टेबलावर राहिला होता, मी घडी करून
फ्यूज वायरच्या खणात ठेवला.
लाइट गेली की कधी कधी काढते,
खालून चुंबक नेते:
तो गुंता उठून उभा राहतो,
आणि जिकडं चुंबक, तिकडं कलतो.