मालक सापडत नाही

माँटेव्हिडिओच्या मोठ्या टपाल कचेरीत
परतीच्या टेबलाशी मी बावीस वर्षं बसलो.
माझ्याकडे एकच शिक्का:
मालक सापडत नाही.
खाली तारीख.

शहात्तरच्या जुलैत, ऐन थंडीत,
इर्मा बेंतांकूरचं पहिलं कार्ड आलं.
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर बटाट्यात कोरून, बिटाच्या रसात उठवलेलं तिकीट:
रिकामी खुर्ची.
शेजारी खरं तिकीट, पुऱ्या किमतीचं.
कायद्यानं कुठे बोट ठेवावं?

पत्ता:
वॉल्तेर बेंतांकूर, जुळारी,
सेर्रो, छापखान्यामागे, दुसरं दार.

पोस्टमन गेला, आला.
दाराला सरकारी लाख. शेजारी म्हणे,
असा कुणी राहतच नव्हता.
मी शिक्का मारला.

मग दर मंगळवारी एक.
कधी त्याच्या सदऱ्याचं बटण शिवलेलं,
कधी शिशाचा खिळा, सुतानं बांधलेला,
कधी त्या घरी जेवायला येणाऱ्यांची नावं.
त्यातली तीन
पुढच्या महिन्यात स्वतःच पत्ते झाली.

मला उमगायला वर्ष लागलं.
सरकार म्हणायचं, असा माणूस झालाच नाही;
आणि सरकारचाच शिक्का, सरकारच्याच शाईत
आठवड्याच्या आठवड्याला लिहून देत होता:
सापडत नाही.
जो झालाच नाही
त्याला शोधायला कोण कशाला जाईल?

मी काही शूर नव्हे.
दोन मुली होत्या, घरभाडं थकलेलं,
आणि वरच्या मजल्यावर एक कॅप्टन
माते चोखत, वाफेवर पाकिटं उघडत बसायचा.
कार्डं बघून म्हणायचा, म्हातारीला छंद आहे.
मी एवढंच करायचो:
तिच्या कार्डाआधी गादीला ताजी शाई,
एक ठसा रद्दीवर,
मग सरळ मनगटानं दाबायचं.
तारीख फाटता कामा नये.

ते गेले. नऊ वर्षांनी
एका शाळेच्या वर्गात बाकं जोडून
चारशे अकरा कार्डं मांडली होती.
वकिलीणबाईंनी विचारलं, ठसे तुमचेच?
माझेच.
सगळे वाचता येत होते,
अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमधला एक सोडून.
त्या दिवशी कॅप्टन माझ्या खुर्चीमागे येऊन उभा होता.

ते कार्ड मी उजेडाकडे धरलं,
तिरकं केलं, बराच वेळ.
इर्मा म्हणाली, सांभाळून,
बटण सैल झालंय.