खूर

मे महिना. नागपूर. पारा शेहेचाळीसवर,
आणि मला माठातलं पाणी बंद.
सिस्टर म्हणाली, सलाइन उतरलं की पाच दिवस
गार काही नको, काका.
कूलरसमोर बसू नका.
फ्रिजचं दार दुसऱ्या कोणाला उघडू द्या.

मी तिला सांगितलं नाही
की एकोणीस हजार फुटांवर मी नव्वद रात्री काढल्या,
स्टोव्हवर बर्फ वितळवून
घोटाघोटानं वाटून प्यायलो.
आता स्टीलच्या पेल्याला नुसतं बोट लागलं
तरी कोपरापर्यंत वीज जाते.
जे बर्फाला नेता आलं नाही
ते हे औषध मागतंय, हप्त्याहप्त्यानं.

उरकुडा भेटला मेडिकलच्या बाकावर,
रेडिएशनच्या दाराबाहेर.
डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानं घडी घातली,
काठावर काठ,
आणि कड नखानं दाबली.
मी विचारलं, कोणती पलटण?
त्यानं तोंड उघडलं. एक बोट कसंबसं जाईल, एवढंच उघडलं.
"खेचरं," म्हणाला. "बावीस वर्षं. नुसती खेचरं."

मी सुभेदार, तो नायक.
त्याच्या गालात खर्ऱ्यानं घर केलेलं,
माझ्या आतड्यात कशानं, कोणास ठाऊक.
कोणी कोणाला सलाम केला नाही.
तो थोडा सरकला
आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बर्फावर प्रत्येकाला एक जोडीदार असतो.
निजण्याआधी त्यानं तुमचे मोजे काढायचे, तुम्ही त्याचे.
बोटं दाबायची. बॅटरी मारून बघायचं, काळं पडलंय का.
माझा जोडीदार भगतराम. कांगड्याचा.
त्याची दोन बोटं मला उशिरा दिसली.
हे मी घरी कधी बोललो नव्हतो,
त्या बाकावर, नंबर सत्तावीस पुकारायच्या आत,
बोलून गेलो.

उरकुडा उठला.
माझ्याकडे पाठ करून उभा राहिला,
वाकला, आणि माझं पाऊल
आपल्या दोन गुडघ्यांत धरलं,
नालबंद धरतो तसं.
सगळी रांग बघायला लागली.
गोंदियाहून आलेल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला,
किती दिवसांनी हसत होती कोण जाणे.
त्यानं केसपेपरची टाचणी काढली,
बोथट बाजूनं एकेक बोट दाबलं.

"लागलं?"
"हो."
"हे?"
"हो."
"खोटं बोलून राहिले तुम्ही, साहेब.
लागलं की जनावर कान हलवते.
तुमचा कान नाही हलला."

तेव्हापासून मंगळवार आमचा.
तो रामटेकहून पहिल्या एसटीनं येतो,
थर्मासमध्ये माझ्यासाठी कोमट पाणी,
ते उन्हातही हातात धरवत नाही इतकं कोमट.
मी त्याच्यासाठी आंबील नेतो, दोनदा गाळून.
पुढच्या महिन्यात त्याचा अर्धा जबडा जाणार.
त्यावर आम्ही बोललो ते एवढंच,
की त्या दिवशी सुटे पैसे कोण ठेवणार
आणि त्याच्या सुनेला चहा कुठला पाजायचा.

परवा गेटबाहेर
त्यानं मला ठेल्यावर उभं केलं.
एक प्लेट तर्री-पोहे घेतले, माझ्या हातात दिले.
"तुम्ही खा," म्हणाला, "मी पाहातो.
अन् कसं लागते ते सांगा. नीट सांगा."

माझ्या जिभेवर तीन आठवडे
जुन्या नाण्याशिवाय दुसरी चव नाही.
मी घास घेतला. सावकाश चावला.
म्हटलं, तर्री कडक आहे रे.
चणा मऊ शिजलाय. लिंबू जरा कमी.
वरून शेव आहे, ती अजून कुरकुरीत.

उरकुडा डोळे मिटून ऐकत होता.
मग त्यानं डोळे उघडले,
माझ्या कानाकडे बघितलं,
बराच वेळ,
आणि काही बोलला नाही.