बाहीची वही

कोट एइलिफचा. पिवळा, मेणकापडाचा,
आत दोन माणसं मावतील एवढा.
तो गेला आणि कोट खुंटीवर राहिला;
मी रोज त्याखालची फरशी पुसायचे,
कोरडीच असायची.

मग एका शरदात कात्री घेतली.
पाठीतून चार वर्षं निघाली, छातीतून दोन.
खिशाला मी हात लावला नाही,
खिसा तसाच एका वहीच्या पुठ्ठ्यावर आहे,
त्यात बिया ठेवते.

शिवण जाळ्याच्या दोऱ्याची.
चाळीस वर्षं बंदरावर जाळी सांधली,
सुईला माझा अंगठा तोंडपाठ आहे.
शाई म्हणजे गंजके खिळे, व्हिनेगर, चहाचा चोथा,
आठवडाभर बरणीत.
झाकण उघडलं की टोर्बियोर्ग खिडकीतून ओरडते,
"अगं, शाई करतेस की कुणाचा काटा काढतेस?"

मे महिन्यात भूर्जाला पालवी फुटते,
इथे म्हणतात, उंदराचे कान आले.
एक कान मी दरवर्षी चिकटवते.
एकाशेजारी एक ठेवून पाहिलं,
एकाच उंदराचे नाहीत.

उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.
रात्री दोन वाजता समुद्रशेवाळ पसरत बसते पानावर,
ते आपल्याच चिकानं कागद धरतं, गोंद लागत नाही.
तारीख मात्र कुठली घालायची?
काल अजून संपलेला नसतो.

गेल्या सप्टेंबरची दोन पानं मेंढीनं खाल्ली.
कुंपणावर वाळत ठेवली होती, चूक माझीच.
उरलेल्या कडा शिवून टाकल्या आत,
दातांच्या नक्षीसकट.

आणि नोव्हेंबर अखेर, सूर्य डोंगराआड गेला की
सात आठवडे परतत नाही.
पूर्वी ती पानं कोरी सोडायचे.
एकदा ओला निळा रंग ओसरीवरच विसरले,
सकाळी (सकाळ म्हणजे घड्याळातली)
कागदभर नेचे उगवले होते, बर्फाचे,
रंग त्यांच्या देठांत जाऊन बसलेला.
त्या पानावर मी सही केली नाही.
आता दर हिवाळ्यात कागद भिजवून बाहेर ठेवते
आणि आत येऊन गप्प बसते.

यंदा उरल्या दोन बाह्या.
येरमुंड शाळेतून येतो, पलीकडच्या घरातला,
दहा वर्षांचा. त्यानं उजव्या बाहीत हात घातला;
खांदा भरला, बोटं काही बाहेर येईनात.
आतून चाचपून त्यानं एक खवला काढला,
कुठल्या कॉडचा, कुठल्या फेब्रुवारीचा.
"ही मला देशील?" खवला नाही, बाही.
त्याला वही करायचीय,
बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या चित्रांची,
आणि फक्त त्याच गाडीच्या.
म्हटलं, ने. इथे तोही एक ऋतूच आहे.

डावीची शिवण मी उसवली.
सपाट करायला वजन ठेवलं, दोन विटा, एक तवा.
होईना.
कोपराशी जी घडी पडली होती
वल्हं ओढून, दोर ओढून, टेबलावर हात टेकून
माझ्याशी न बोलता बसून,
ती काही केल्या जाईना.
मग मीच हट्ट सोडला,
पानं अरुंद कापली,
आणि वहीचा कणा त्या घडीवर बसवला.
आता ती सोडून दिली की आपण होऊन मिटते.

जानेवारीच्या मध्यावर ऊन पहिल्यांदा
स्वयंपाकघराच्या भिंतीवर येतं, चार मिनिटं.
मी वही भिंतीला लावून धरली,
उजेडाच्या कडेनं पेन्सिल फिरवली.
हात हलला, ऊनही सरकलं,
रेघ जुळली नाही.

पहिलं पान तसंच आहे.