पाण्याची उधारी

सोळावं सरलं की नाव पुकारतात.
सान तादेओच्या चौकात, वाळक्या तामारुगोखाली,
कारकून वही उघडतो आणि वाचू लागतो
मी जन्मल्यापासून प्यायलेलं पाणी.

पहिल्या आंघोळीचे चार लिटर.
गोवराच्या तापात कपाळावरच्या घड्यांचे दोन.
तिसरीत असताना सांडलेला पेला,
तोही होता, तारखेसकट.
आईच्या दुधातलंही पाणी त्यांनी धरलं होतं,
अर्ध्या दराने.

एकोणीस हजार सातशे चाळीस.
"फेडशील," तो म्हणाला. आवाज वाईट नव्हता त्याचा.
"रोज काम केलंस की सहा फिटतात."
आणि प्यायला रोज पाच मिळतात,
हे त्याने सांगितलं नाही.
बोचकं बांधता बांधता मीच वजाबाकी केली:
चोपन्न वर्षं.
मग घरावर पाणी सोडलं
(असं म्हणायलाही भीती वाटते,
हेही हिशेबात धरतील)
आणि ट्रकमध्ये चढले.

मिठागराच्या कडेला बारा हजार आरसे,
मधोमध मनोरा.
दिवसभर सगळे आरसे त्याच्याकडे बघतात.
आम्ही बघायचं नाही. बघितलेला
ओराशियो आता दोरी धरून चालतो.
रात्री आम्ही धूळ पुसतो, कोरड्या फडक्याने.
हट्टी डागाला थुंकी.
थुंकीची नोंद होत नाही.
अजून तरी.

इथला उजेड किनाऱ्यावरच्या शहरांत जातो.
डोंगरापलीकडे कुणी नाही, असं मुकादम सांगतो,
होते ते कधीच तहानेने गेले.

आन्सेल्मो आयाविरे रोज तीनच प्यायचा.
लवकर सुटायचं होतं त्याला.
लवकर सुटला.
उरलेली बाकी धाकट्या बहिणीच्या पानावर चढवली
आणि वय भरायच्या आत रेमिहियाला इथे आणलं.
नऊ वर्षांची. पुढचे दोन दात अर्धेच आलेले.
भावाच्याच रांगेत उभी केली.

ती रडली नाही. तिने खाली वाकून बघितलं.
आरशाच्या पाठीमागे, गुडघ्याच्या उंचीवर,
एक गंजकी चावी असते, दुरुस्तीसाठी.
आम्ही मोठी माणसं, ताठ उभं राहून पुसणारी.
आम्हाला ती कधी दिसलीच नव्हती.

पुनवेच्या रात्री चार हजार एकशे सतरा नंबरचा आरसा
मनोऱ्याकडे पाठ करून
डोंगराकडे वळला.
रेमिहियाने त्यात चंद्र धरला,
फडक्याने झाकला, उघडला. झाकला, उघडला.
"काय करतेस?"
"कितीजण आहोत ते सांगते."
कुणाला, ते तिला ठाऊक नव्हतं.
अक्षरं तिला येत नव्हती, मला थोडी येत होती,
पण कर्जात जन्मलेल्या कुणालाही
मोजता येतंच.
दोनशे बारा वेळा. ओराशियो धरून.
तिचा हात दुखला तेव्हा पुढचे साठ मी केले.

मग काहीच नाही.
वारा. कुणाचा तरी खोकला.

मग कड्यावर एक ठिणगी.
मी म्हटलं, तारा असेल.
रेमिहिया म्हणाली, "एक."
दुसरी. "दोन."
पन्नासाला बाकीचे फडकी टाकून जवळ आले.
शंभराला कुणी श्वासही घेत नव्हतं,
ओराशियो तेवढा विचारत होता, किती, आता किती,
आणि आम्ही सगळे मिळून त्याला सांगत होतो.

उजाडलं तेव्हा नऊशे सहा झाले होते
आणि पलीकडचे थांबले नव्हते,
फक्त चंद्र मावळला होता.

त्या सकाळी एकही आरसा पुसलेला नव्हता.
मुकादम धावत आला, त्याच्यामागे कारकून, काखेत वही.
मी पिंपाशी गेले आणि प्यायले.
पाच झाले. थांबले नाही.
हनुवटीवरून ओघळलं, मानेवरून, मिठात पडलं.
त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी बघत होते.

"लिही," मी म्हटलं.