बाकी

छिन्नी ठेव, बाकी. धूळ खाली बसू दे,
मग मोज.
कारकुनानं पापिरसवर लिहून दिलंय तेवढंच मोज.
शहात्तर कडी, प्रत्येकात एक नाव
दोरीच्या वेढ्यात बांधून ठेवलेलं.
समोर धूप घेऊन उभा आपला मालक, शेजारी त्याचा पोर,
पूर्वजांना भाकरी आणि बीअर पोचती करायला.
ज्याचं नाव कोरलं त्यालाच पोचते.
ज्याला नाव नाही
त्याला पैलतीरी न्यायला नावही नाही.

इथं बोट लाव, दुसऱ्या ओळीत.
हा थोरला, ज्याच्या राज्यात म्हणे सोनं धुळीसारखं होतं.
आणि हा त्याच्या पुढचा, आधी सेनापती होता.
मध्ये जागा किती?
दोन बोटं.
सगळ्या कड्यांमध्ये असते तेवढीच.
काही सुटलंय हे दगडाकडं बघून कळत नाही,
तीच तर आपली कारागिरी.

माझा बाप त्या दोन बोटांत जन्मला.
त्याच्या पाठच्या दोघी बहिणी, एक तापानं गेली ती,
विहिरीला खारं पाणी लागलं ते साल,
दारूच्या घड्यांवर शाईनं लिहिलेलं 'वर्ष नववं'.
कुणाचं नववं, ते विचारायचं नाही.

आजोबा त्या राजाच्या नव्या शहरात दगड वाहायचा.
हातभर लांबीचा दगड, माणशी एक, दिवसभर.
डावा खांदा मरेपर्यंत कललेला होता.
देव एकच, तोही आकाशात; भाकरी मात्र अर्धी.
उगाच गळा काढू नकोस त्या राजासाठी.
आजीनं कधी काढला नाही.

आजोबाचं नाव आतेननख्त.
एक दिवस फर्मान आलं आणि तो प्ताहनख्त झाला.
बायकोला सवय लावावी लागली, उधारीवाल्यालाही.
आजी झोपेत जुन्याच नावानं हाक मारायची,
तो ओ द्यायचा,
आणि उठून दार लागलंय ना ते बघून यायचा.

शेताचा खटला उभा राहिला तेव्हा तिला विचारलं,
जमीन कधी मिळाली?
ती म्हणाली, त्या शत्रूच्या काळात.
न्यायसभेत तसंच म्हणतात. तसंच लिहिलं गेलं.
शेत मिळालं.
राजाचं नाव तिनं मला सांगितलं नाही,
मी विचारलं नाही,
आता हातात छिन्नी आहे आणि कोरायला काही नाही.

तुझ्या आईनं तुला माझ्या हवाली करताना म्हटलं,
पोरानं नाव काढलं पाहिजे.
आमच्या घराण्यात, बाबा, सगळ्यांनीच काढली.
माझ्या बापानं थेब्जच्या खांबांवरून काढली,
रोजाला दोन भाकरी जास्त.
थोडं अलीकडं एक बाई होती म्हणतात,
दाढी लावून सिंहासनावर बसायची.
तिचीही दोनच बोटं.

तर वाळू घे, ओली कर,
मधली जागा घास.
तळहात फिरवला तर काही लागू नये.
नाही, अजून. इथं खरखरतंय.

ऊन उतरलं.
बाहेर कारकून खापरीवर हजेरी मांडतोय,
आधी विंचू चावलेले,
मग बायको बाळंत म्हणून घरी राहिलेले,
मग आपण.
पुकारताना नसलास तर धान्य कापतात.

'बाकी?'

आहे म्हण.