पुलाखालची जकात

तिसऱ्या खंडातलं एकशे बारावं पान.
तिथे ती बसलेली असते पुलाखाली, गुडघे पोटाशी धरून,
येणाऱ्या-जाणाऱ्याकडे जकात मागत:
पैसा नको, धान्य नको,
विसरलेली एक वस्तू दे.
आता विसरलेली वस्तू आठवून कशी देणार?
राजपुत्र तिथेच तीन दिवस अडकतो.
मीही अडकले. अख्खा एक हिवाळा.

मूळ भाषेतलं तिचं नाव
आमच्या एस्टोनियनमध्ये आणायला गेलं की
कधी तिची चेटकीण व्हायची, कधी भिकारीण,
एकदा तर चक्क तिकीट-तपासनीस.
प्रकाशकाचे फोन. होतंय, होतंय, मी म्हणायचे.
एमायोगी नदी गोठली,
माणसं तिच्यावरून चालत पलीकडे गेली,
मी पुलाखालीच.

शब्द शेवटी दिला हेल्दुरने.
पाठमोरा बसून भट्टीतली राख काढत होता,
सहज बोलून गेला:
हिउमा बेटावरची त्याची आत्या
सकाळपर्यंत तग धरलेल्या निखाऱ्याला काय म्हणायची, ते.
दोनच अक्षरं.
मी पेन शोधेपर्यंत त्याने बादली भरून बाहेर नेली होती.
पुस्तक छापून आलं तेव्हा
दाखवायला घरात कोणी नव्हतं.

काल सिनेमा पाहिला.
शेजारच्या काउपोला घेऊन गेले; वय अकरा,
तिन्ही खंड दोनदा वाचलेले, पुढचा एक दात अर्धा.
विसाव्या मिनिटाला पूल आला.
मी त्याचं मनगट धरलं.
पूल उडाला.
घोडे, ठिणग्या, ढोल, राजपुत्र हवेतून पलीकडे,
केसाची बट जागची हलली नाही.
खाली कोणीच नव्हतं. पाणी होतं,
संगणकाने केलेलं, फार स्वच्छ.

मला कळतं हो. नऊशे पानं दोन तासांत कोंबायची
तर कोणाचा तरी बळी जाणारच.
राजकन्या ठेवली (पुस्तकात सत्तरीची आहे, इथे बाविशीची),
बोलणारा कोल्हा ठेवला, त्याच्या तोंडी विनोद घातले.
पण त्या पोराला शहाणपण येतं ते त्या तीन दिवसांत.
ते गाळलं की उरतो
तलवार घेतलेला एक मुलगा.
पडद्याखाली माझे बाकीचे शब्द पळत होते
ओळखीच्या माणसांसारखे,
घाईत, मान न वळवता.

दिवे लागले. लाह्या बुटांखाली करकरल्या.
"ती कुठे होती?" काउपोने विचारलं.
नाव घेऊन विचारलं.
तोच हेल्दुरचा शब्द,
दूध म्हणावं, शाळा म्हणावं, इतका सहज.
काढून टाकली, मी म्हटलं.
"का?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं, एक शिवी होती. गिळली.

खाली कोट ठेवायच्या खिडकीत
विर्वे नावाची बाई बसते, कधीपासून कोण जाणे,
पितळी बिल्ला घेते, कोट देते, बोलत नाही.
तिच्या मागच्या फळीवर
एकेकटे हातमोजे, छत्र्या, कोणाची तरी बासरी,
एक कवळीसुद्धा आहे म्हणे.
कोट घालताना काउपो
त्या फळीकडेच बघत होता.

अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, त्याचा डावा हात उघडा.
"हातमोजा?"
"विसरलो," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता,
फार ठरवून विसरल्यासारखा.

उणे चौदा. त्याची आई मला बोल लावणार.
मागे फिरलो असतो तर खिडकी अजून उघडी होती.
मी त्याचा हात माझ्या कोटाच्या खिशात घेतला
आणि आम्ही पुलावर आलो.
मधोमध थांबून तो कठड्यावरून खाली बघायला लागला.
नुसता बर्फ.
मीही वाकले,
या वयात वाकू नये इतकी.